अमेरिकेत विम्याचं लायसन्स हाती आलं: आता सीईचे तास कसे पूर्ण करायचे

लायसन्सची परीक्षा पास झाली, कंपनीची अपॉइंटमेंट (तिच्या पॉलिसी विकण्याची नेमणूक) आली, पहिल्या दोन-चार पॉलिसी झाल्या की नवा एजंट पुस्तकं कपाटात ठेवून देतो. मग दीड-पावणेदोन वर्षांनी राज्याच्या विमा खात्याची ईमेल येते: लायसन्स अमुक तारखेला संपतंय, सीई अपूर्ण आहे. सीई म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन. लायसन्स चालू ठेवायचं असेल तर ठरावीक मुदतीत ठरावीक तासांचं मान्यताप्राप्त शिक्षण घ्यावंच लागतं.

तास भरणं फार अवघड नाही. एखादा एजंट दोन-तीन शनिवार-रविवारांत सगळं उरकू शकतो. घोळ होतो तो पुढे. केलेले तास तुमच्या नावावर, योग्य प्रकारात, मुदतीच्या आत राज्याच्या नोंदीत चढावे लागतात. हातात प्रमाणपत्र असूनही लायसन्स बंद पडलेले एजंट दरवर्षी सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांनी अभ्यास पूर्ण केलेला असतो. म्हणून या लेखात भर कोर्सपेक्षा नोंदीवर आहे.

नियम राज्यागणिक वेगळे का

अमेरिकेत विम्यावर नियंत्रण राज्यांचं असतं. १९४५ च्या मॅकरन-फर्ग्युसन कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. त्यामुळे देशभरासाठी एकच सीई नियम नाही. राज्यांच्या विमा आयुक्तांची एनएआयसी ही संघटना नमुना नियम तयार करते, आणि बहुतेक राज्यं त्याच्या आसपास राहतात: दर दोन वर्षांनी २४ तास, त्यात ३ तास एथिक्सचे. इथला 'तास' ५० मिनिटांचा धरतात, आणि अशा एका तासाचं एक क्रेडिट.

आसपास राहतात म्हणजे तंतोतंत पाळतात असं मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षांना १५ क्रेडिट पुरतात, पण त्यात एथिक्सबरोबर विमा कायदा आणि विविधता व पूर्वग्रह-निर्मूलन यांचंही प्रत्येकी एक क्रेडिट लागतं. फ्लोरिडात ४ तासांचा कायदा व एथिक्स अपडेट हा खास कोर्स सक्तीचा आहे आणि उरलेले तास ऐच्छिक. सहा वर्षांहून जुन्या एजंटांना एकूण २० तास पुरतात. टेक्सासमध्ये २४ पैकी निम्मे तास वर्गातले किंवा वर्गाच्या तोडीचे मानलेले असावे लागतात. इलिनॉयमध्ये एथिक्सचे ३ तास वर्गात किंवा वेबिनारमध्येच करावे लागतात; पीडीएफ वाचून परीक्षा दिलेली चालत नाही.

यातून एकच काढायचं: दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मित्राचा सल्ला कितीही कळकळीचा असला तरी तो त्याच्या राज्यापुरता. स्वतःच्या राज्याच्या विमा खात्याच्या वेबसाइटवरचं सीईचं पान उघडा, छापा आणि जवळ ठेवा. नियम मध्येच बदलतात, म्हणून प्रत्येक नव्या मुदतीच्या सुरुवातीला ते पुन्हा बघायचं.

पहिली पायरी: तारीख आणि नंबर

दोन गोष्टी आधी कागदावर उतरवा.

एक, एनपीएन, म्हणजे नॅशनल प्रोड्युसर नंबर (प्रोड्युसर म्हणजे विमा विकणारा एजंट). हा देशभर एकच असतो. तो ठाऊक नसेल तर एनआयपीआर या एजंटांच्या लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या वेबसाइटवर मोफत शोधता येतो. काही राज्यांत हाच तुमचा लायसन्स नंबर असतो, तर काही राज्यांत लायसन्स नंबर वेगळा असतो. कोर्सच्या नोंदणीत कुठला नंबर मागितलाय हे नीट वाचा. तिथे एक आकडा चुकला की क्रेडिट दुसऱ्याच्या खात्यात जातं किंवा कुठेच जात नाही.

दोन, लायसन्स संपण्याची तारीख. ही 'दोन वर्षांनी त्याच दिवशी' असेलच असं नाही. टेक्सासमध्ये जन्ममहिन्याचा शेवटचा दिवस धरतात, फ्लोरिडातही सीईची मुदत जन्ममहिन्याच्या अखेरीला संपते. कॅलिफोर्नियात लायसन्स ज्या महिन्यात मिळालं त्या महिन्याच्या अखेरीवर हिशोब चालतो. तारीख जन्ममहिन्याला बांधलेली असली की पहिली मुदत पूर्ण दोन वर्षांची नसण्याची शक्यता मोठी. अशा अर्ध्यामुर्ध्या पहिल्या मुदतीसाठी काही राज्यं तास कमी करतात, काही पूर्ण सूट देतात, काही काहीच करत नाहीत. नवे एजंट इथे अंदाजाने चालतात आणि अडकतात. हा मुद्दा विमा खात्याला ईमेल करून लेखी विचारून घ्यावा.

नावाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. ते पासपोर्टवर एका पद्धतीने, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसऱ्या पद्धतीने आणि कोर्सच्या खात्यात तिसऱ्याच पद्धतीने टाकलेलं असतं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आणखी गुंता. राज्याच्या विमा लायसन्सवर जसं नाव आहे, अक्षर न अक्षर तसंच कोर्स देणाऱ्या संस्थेकडे द्या. आडनाव बदललं असेल तर आधी राज्याकडे बदलून घ्या आणि मगच कोर्सला नाव घाला.

पत्ता आणि ईमेल बदलली की बहुतेक राज्यांत ३० दिवसांत कळवावं लागतं. नूतनीकरणाची सूचना त्याच जुन्या पत्त्यावर जाते, आणि 'सूचना मिळालीच नाही' ही सबब कोणतंही राज्य ऐकत नाही. नोकरी सोडल्यावर ऑफिसची ईमेल बंद पडते, म्हणून खात्यात स्वतःची ईमेल द्यावी.

दुसरी पायरी: काय काय लागणार त्याची यादी

एकूण तास, एथिक्सचे तास आणि राज्याने सांगितलेला खास विषय ही यादीची पहिली ओळ. दुसरी ओळ अधिक महत्त्वाची, कारण ती फार जण विसरतात: तुम्ही विकता त्या विशिष्ट विम्यासाठी लागणारं प्रशिक्षण. याची मुदत लायसन्सच्या तारखेला बांधलेली नसते. बहुतेकदा ते पहिली विक्री करण्याआधीच पूर्ण असावं लागतं.

ॲन्युइटी (विमा कंपनीने नियमित उत्पन्न देण्याचा करार) विकायची असेल तर बहुतेक राज्यांत ४ क्रेडिटचा एकदाच करायचा कोर्स लागतो. २०२० मध्ये एनएआयसीने ॲन्युइटीचा नमुना नियम बदलून ग्राहकाचं सर्वोत्तम हित ही कसोटी आणली. त्यामुळे जुना कोर्स केलेल्यांना नव्या नियमावरचं एका क्रेडिटचं पूरक प्रशिक्षण किंवा नवा पूर्ण कोर्स करावा लागला. कॅलिफोर्निया इथे जास्त कडक आहे: सुरुवातीला ८ तास आणि पुढे दर दोन वर्षांनी ४. या प्रशिक्षणाशिवाय अर्ज पाठवला तर कंपनी तो परत करते, आणि ग्राहकासमोर तुमची शोभा होते ती वेगळीच.

लाँग-टर्म केअर (म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या दीर्घकाळच्या देखभालीच्या) विम्यात, २००५ च्या डेफिसिट रिडक्शन कायद्यानंतर आलेल्या, राज्याच्या मेडिकेड योजनेशी जोडलेल्या पार्टनरशिप पॉलिसींसाठी सर्वसाधारण नियम पहिल्यांदा ८ तास आणि मग दर २४ महिन्यांनी ४ तास असा आहे. कॅलिफोर्नियात पहिली चार वर्षं दरवर्षी ८ तास, नंतर दर दोन वर्षांनी ८. हे २४ महिने तुमच्या लायसन्सच्या मुदतीशी जुळतीलच असं नाही, म्हणून ही तारीख कॅलेंडरवर वेगळी मांडा.

घर-मालमत्तेचा विमा विकणाऱ्यांनी सरकारी पूरविमा योजनेतल्या पॉलिसी विकायच्या असतील तर पूरविम्याचा ३ तासांचा एकदाच करायचा कोर्स करावा. २००४ च्या पूरविमा सुधारणा कायद्यातून ही अट आली.

हे सगळे कोर्स राज्याच्या सीईसाठी मंजूर असले तर त्यांचे तास बहुतेक राज्यांत एकूण २४ मध्ये धरले जातात. म्हणजे ॲन्युइटीचे ४ वरून वेगळे भरायचे नसतात. जीवन-आरोग्य आणि मालमत्ता-अपघात अशी दोन्ही लायसन्स असतील तरीही बहुतेक ठिकाणी तास दुप्पट होत नाहीत; काही राज्यांत मात्र त्यातला ठरावीक भाग आपापल्या विषयातला असावा लागतो.

आणि काही प्रशिक्षणं अशी आहेत की ती सक्तीची असूनही राज्याच्या सीईत आपोआप मोजली जात नाहीत. जीवन विमा कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी प्रशिक्षण करायला लावतात, ते कंपनीसाठी. मेडिकेअर ॲडव्हांटेज (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी मेडिकेअरचं खासगी कंपन्यांमार्फत मिळणारं रूप) विकणाऱ्यांचं, एएचआयपी या आरोग्य विमा कंपन्यांच्या संघटनेचं वार्षिक प्रमाणपत्र (उत्तीर्ण व्हायला ९० टक्के, तीन प्रयत्न) हे त्या हंगामासाठी. व्हेरिएबल (बाजारातल्या गुंतवणुकीशी जोडलेल्या) पॉलिसी विकण्यासाठी सिक्युरिटीजची नोंदणी असेल तर फिन्रा या शेअर-दलालांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा रेग्युलेटरी एलिमेंट हा कोर्स २०२३ पासून दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत करायचा असतो, आणि त्याचा राज्याच्या विमा खात्याशी संबंध नाही. 'एवढं तर केलंय' या समजुतीत राहून राज्याचे तास राहून जातात, म्हणून यादीत यांचा रकानाच वेगळा ठेवा.

विक्रीकौशल्य, प्रेरणादायी व्याख्यानं, ग्राहक कसे मिळवावेत, कंपनीचं सॉफ्टवेअर कसं वापरावं, यांना सीईचं क्रेडिट नाही. सेमिनारला जेवणासकट बोलावणं आलं असेल तर जाण्याआधी विचारा: राज्याची मंजुरी आहे का, आणि कोर्स नंबर काय?

तिसरी पायरी: कोर्स निवडताना

कोर्सचं नाव बघू नका, राज्याने दिलेला कोर्स नंबर बघा. एकच मजकूर वर्गात शिकवण्यासाठी एका नंबराने मंजूर असतो, स्वयंअध्ययनासाठी दुसऱ्या नंबराने, आणि शेजारच्या राज्यात तिसऱ्या नंबराने. तुमच्या राज्यात, त्या पद्धतीसाठी, तुम्ही पूर्ण कराल त्या तारखेला मंजुरी चालू असायला हवी. राज्याच्या किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेच्या वेबसाइटवर मंजूर कोर्सचा शोध असतो. पैसे भरण्याआधी तिथे नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

एकाच मुदतीत तोच कोर्स दोनदा केला तर क्रेडिट एकदाच मिळतं. स्वस्त पॅकेज घेणाऱ्यांना याचा फटका बसतो. वर्षभरापूर्वी एथिक्सचा कोर्स सुटा केलेला असतो, मग २४ तासांचं पॅकेज घेतलं जातं, त्यातही तोच नंबर निघतो, आणि २४ च्या जागी २१ च भरतात. जुन्या प्रमाणपत्रांवरचे नंबर समोर ठेवून पॅकेजमधले नंबर ताडून पाहा.

किमतीची तुलना करताना राज्याचं क्रेडिट-नोंदणी शुल्क आत धरलंय का हे बघा. बरीच राज्यं प्रत्येक क्रेडिटमागे छोटी रक्कम घेतात, आणि काही संस्था ती शेवटच्या पानावर जोडतात.

पद्धती तीन. वर्ग: हजेरी महत्त्वाची, परीक्षा सहसा नाही. वेबिनार: हजेरी पडद्यावरून तपासतात. स्वयंअध्ययन: मजकूर वाचायचा आणि शेवटी परीक्षा द्यायची. नव्या एजंटाने एथिक्स आणि कायद्याचा भाग वर्गात किंवा वेबिनारमध्ये करावा असं आमचं ठाम मत आहे. तक्रार झाली तर काय होतं, बदली पॉलिसीचा फॉर्म का भरतात, जुनी पॉलिसी मोडून नवी विकताना नेमकं काय चुकतं, हे प्रश्न विचारायला समोर माणूस असेल तर चांगलं समजतं. उरलेले तास स्वयंअध्ययनाने करायला हरकत नाही.

स्वयंअध्ययनाच्या कोर्सला किती तास द्यायचे हे ठरतं कसं, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. एनएआयसीच्या शिफारशीत वाचनाचा वेग मिनिटाला १८० शब्द धरलाय. एकूण शब्दांना १८० ने भागलं की मिनिटं मिळतात, त्यांना ५० ने भागलं की तास. म्हणजे साध्या पातळीच्या कोर्सला एका तासासाठी सुमारे ९,००० शब्द, तीन तासांच्या एथिक्सला २७,००० च्या आसपास. मध्यम पातळीच्या मजकुराला हा हिशोब १.२५ ने गुणतात, प्रगत पातळीला १.५ ने. त्यामुळे प्रगत कोर्समध्ये कमी पानांत जास्त क्रेडिट दिसतं, पण विषय अवघड असतो: इस्टेट प्लॅनिंग, व्यवसाय विमा, कर. पहिल्या मुदतीत क्रेडिटच्या मोहाने असा कोर्स घेतला आणि शेवटच्या आठवड्यात परीक्षेत नापास झालात तर वेळ जातो तो जातोच. ज्या विषयातली पॉलिसी तुम्ही पुढच्या वर्षी विकणार आहात तो विषय घ्या. तासही भरतात आणि ग्राहकासमोर बसताना उपयोगही होतो.

चौथी पायरी: परीक्षा, शपथपत्र, वेबिनार

स्वयंअध्ययनाच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला साधारणपणे ७० टक्के लागतात. काही राज्यांत ही परीक्षा देखरेखीखाली द्यावी लागते. देखरेख करणारी व्यक्ती तटस्थ हवी. नवरा, बायको, भाऊ, तुमचा मॅनेजर किंवा ज्याचा तुमच्या कमाईशी संबंध आहे असं कुणी चालत नाही. परीक्षा संपल्यावर ती व्यक्ती आणि तुम्ही दोघं शपथपत्रावर सही करता. ते वेळेवर जमा झालं नाही तर परीक्षा पास असूनही कोर्स अपूर्ण राहतो. पडद्यावर '८४ टक्के, अभिनंदन' दिसतं, माणूस लॅपटॉप मिटतो, आणि शपथपत्राचा दुवा तसाच पडून राहतो. ही अगदी नेहमीची चूक आहे. प्रमाणपत्र डाउनलोड होईपर्यंत कोर्स झाला असं धरू नका.

वेबिनारमध्ये अधूनमधून प्रश्न किंवा मतचाचणी पडद्यावर येते आणि ठरावीक वेळात उत्तर द्यावं लागतं. गाडी चालवताना फोनवर वेबिनार लावणाऱ्यांचं क्रेडिट इथेच जातं. इंटरनेट मध्येच तुटलं तर लगेच पुन्हा जोडा आणि संस्थेला त्याच वेळी चॅटमध्ये कळवा. दुसऱ्या दिवशी सांगून सहसा काही होत नाही. अर्धा वर्ग केला म्हणून अर्धं क्रेडिट मिळत नाही.

दुसऱ्याकडून परीक्षा देववणं, उत्तरांची यादी फिरवणं, न झालेल्या वर्गाच्या हजेरीवर सही करणं, असले प्रकार ऑफिसातलं कुणी 'सगळेच करतात' म्हणून सुचवेल. ही विमा खात्याकडे केलेली खोटी निवेदनं ठरतात. त्यात दंड होतो, लायसन्स रद्द होऊ शकतं, आणि एका राज्यात झालेली कारवाई बाकीच्या राज्यांना ३० दिवसांत तुम्हीच कळवायची असते. चार तासांच्या वाचनासाठी इतकी मोठी किंमत मोजू नये.

पाचवी पायरी: ट्रान्सक्रिप्ट

सगळ्यात कमी वेळ लागणारी आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी पायरी.

कोर्स पूर्ण झाल्यावर क्रेडिट राज्याला कळवण्याचं काम संस्थेचं असतं. अनेक संस्था एक-दोन दिवसांत कळवतात, पण नियमाने त्यांना मिळणारी मुदत १०-१५ दिवसांचीही असते. मुदत संपायच्या आदल्या रात्री कोर्स पूर्ण करणाऱ्याचा कोर्स खरंच पूर्ण झालेला असतो, पण राज्याच्या संगणकाला ते कळलेलं नसतं, आणि नूतनीकरणाचा अर्ज तिथे अडतो.

कोर्सनंतर साधारण आठवड्याने राज्याच्या पोर्टलवर जाऊन स्वतःचं सीई ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे नोंदलेल्या तासांचा उतारा, उघडा. राज्यानुसार हे स्टेट बेस्ड सिस्टिम्स किंवा सिरकॉन या अनेक राज्यं वापरतात त्या वेबसाइटवर किंवा राज्याच्या स्वतःच्या पोर्टलवर असतं, फ्लोरिडात मायप्रोफाइलवर. नुसता एकूण आकडा बघून थांबू नका, एकेक ओळ वाचा:

कोर्स नंबर प्रमाणपत्रावरचाच आहे का. पूर्ण केल्याची तारीख या मुदतीतली आहे का. सीमेवरच्या तारखेचा कोर्स मागच्या मुदतीत पडू शकतो. तास प्रमाणपत्राइतकेच आहेत का. आणि प्रकार: एथिक्सचे तास 'एथिक्स' म्हणून चढलेत की 'सामान्य' म्हणून?

शेवटचा मुद्दा फसवा आहे. एकूण २४ दिसतात, पण एथिक्सच्या रकान्यात ३ च्या जागी ० असतो आणि प्रणाली 'अपूर्ण' म्हणते. कधी कोर्सच सामान्य म्हणून मंजूर असतो आणि नावात फक्त 'एथिकल' हा शब्द असतो. अशा वेळी राज्याकडे तक्रार करून उपयोग नाही, एथिक्सचा मंजूर कोर्स करावाच लागतो. संस्थेने चुकीचं कळवलं असेल तर मात्र दुरुस्ती संस्थेनेच पाठवायची असते. त्यांना प्रमाणपत्राची प्रत, एनपीएन आणि ट्रान्सक्रिप्टचं छायाचित्र एकाच ईमेलमध्ये पाठवा, म्हणजे फेऱ्या वाचतात.

जास्तीचे तास पुढच्या मुदतीत नेता येतात का हेही राज्यावर अवलंबून आहे. काही राज्यं देतात, काही अजिबात नाही. आणि जिथे देतात तिथे जास्तीचे एथिक्सचे तास पुढे बऱ्याचदा सामान्य तास म्हणून जातात.

सहावी पायरी: नूतनीकरण वेगळं करावं लागतं

सीई पूर्ण झालं म्हणजे लायसन्सचं नूतनीकरण झालं असं नाही. बहुतेक राज्यांत अर्ज वेगळा करायचा असतो, शुल्क वेगळं भरायचं असतं, आणि पार्श्वभूमीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: गुन्हा, प्रशासकीय कारवाई, दिवाळखोरीशी संबंधित बाबी. अर्ज एनआयपीआरवरून किंवा राज्याच्या पोर्टलवरून होतो. खिडकी अनेक ठिकाणी मुदतीच्या ९० दिवस आधी उघडते. पैसे भरल्यावर आलेला व्यवहार क्रमांक जपा आणि दोन-तीन दिवसांनी राज्याच्या लायसन्स-शोधात नवी तारीख दिसते का ते बघा.

उदाहरणाने मांडू. समजा राज्याचा नियम २४ तास, ३ एथिक्स असा आहे, मुदत ३१ ऑगस्टला संपते आणि ॲन्युइटीही विकायची आहे. पहिल्या ॲन्युइटी ग्राहकाला भेटण्याआधी ४ तासांचा ॲन्युइटी कोर्स. पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एथिक्सचं ३ तासांचं वेबिनार. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत ८ तास, एप्रिल-मेमध्ये ९. असे २४ झाले. ३० जून ही स्वतःची शेवटची तारीख धरा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ट्रान्सक्रिप्ट तपासून दुरुस्त्या, आणि जुलैच्या मध्यात अर्ज व शुल्क. हाताशी सहा आठवडे उरतात, आणि काही चुकलंच तर ते निस्तरायला एवढे पुरतात.

मुदत चुकलीच तर

आधी विक्री थांबवा. लायसन्स नसताना पॉलिसी विकणं, सुचवणं किंवा अटींबद्दल बोलणी करणं हा वेगळाच आणि मोठा गुन्हा आहे. मूळ चूक त्यापुढे किरकोळ. लायसन्स चालू असताना विकलेल्या पॉलिसींचं नूतनीकरण कमिशन एनएआयसीच्या नमुना कायद्यानुसार पुढेही मिळू शकतं, त्यामुळे घाबरून घाईत काही करू नका.

मग राज्याचा उशिराचा नियम बघा. टेक्सासमध्ये मुदतीत न झालेल्या प्रत्येक तासामागे ५० डॉलर दंड आहे. ५ तास राहिले तर २५० डॉलर, आणि तास भरावे लागतातच. एनएआयसीच्या नमुना कायद्यात १२ महिन्यांच्या आत परीक्षेशिवाय लायसन्स पुन्हा चालू करता येतं, पण थकलेल्या शुल्काच्या दुप्पट दंड भरून. त्या पलीकडे गेलं की पुन्हा परीक्षा. काही राज्यांची मुदत याहून कमी आहे.

खरं नुकसान साखळीने होतं. गृहराज्यातलं लायसन्स पडलं की त्याच्या आधारावर घेतलेली दुसऱ्या राज्यांतली अनिवासी लायसन्सही धोक्यात येतात, आणि कंपन्या अपॉइंटमेंट काढून घेतात. मूळ लायसन्स चार दिवसांत परत मिळालं तरी अपॉइंटमेंट परत करून घ्यायला आठवडे जातात.

गंभीर आजारपण किंवा लष्करी सेवा यांसाठी मुदतवाढ किंवा सूट बहुतेक राज्यांत मागता येते. अर्ज मुदत संपण्याआधी, कागदपत्रांसह करावा.

अनेक राज्यांत काम असेल किंवा घर बदललं असेल

अनिवासी लायसन्स असलेल्या राज्यांत सीई सहसा पुन्हा करावं लागत नाही. गृहराज्याची अट पूर्ण असली की ती राज्यं मान्य करतात. नूतनीकरणाचं शुल्क मात्र प्रत्येक राज्याला वेगळं आणि तारखाही वेगळ्या. ॲन्युइटी किंवा लाँग-टर्म केअरच्या खास प्रशिक्षणाबाबत त्या त्या राज्याचं पान तपासा, कारण कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे तास जास्त आहेत.

नोकरी किंवा कुटुंबासाठी राज्य बदललं तर पत्ता ३० दिवसांत कळवा, आणि नव्या राज्यात निवासी लायसन्ससाठी अर्ज करा. नमुना कायद्यानुसार राहायला आल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज केला तर लायसन्सआधीचं शिक्षण आणि परीक्षा माफ असते. जुन्या राज्यात केलेले तास नव्या राज्यात धरले जातील का हे अर्जाच्या वेळीच विचारा. जुनं निवासी लायसन्स नवं मिळण्याआधी घाईने रद्द करू नका. मधल्या काळात अनिवासी लायसन्सना गृहराज्यच उरत नाही.

कागद आणि पैसे

प्रत्येक प्रमाणपत्राची पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख, कोर्स नंबर आणि तास घाला. किमान दोन मुदतींचे, म्हणजे चार वर्षांचे कागद हाताशी असावेत. तपासणीत राज्य प्रमाणपत्रं मागू शकतं, आणि संस्था मध्येच बंद पडली तर दुसरी प्रत कुठून आणणार? प्रोड्युसर डेटाबेसमधला तुमच्या नावाचा अहवाल एनआयपीआरकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. तो काढून सगळ्या राज्यांतली लायसन्स, तारखा आणि अपॉइंटमेंट एकदा नजरेखालून घाला.

स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करत असाल तर चालू लायसन्स टिकवण्यासाठी केलेला सीईचा खर्च आयकर विवरणाच्या शेड्यूल सी या फॉर्ममध्ये व्यवसायखर्च म्हणून दाखवता येतो. पावत्या त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पहिलं लायसन्स मिळवण्यासाठी केलेला अभ्यासाचा खर्च वेगळ्या नियमात येतो, तो यात मिसळू नका.